अणुशास्त्रज्ञांना विचारलेला नववा प्रश्न

एवढ्या मोठ्या माणसाविषयी मी लिहिणं बरोबर नाही, हे मला कळतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. चुकलं तर माफ करावं.

ते पाटोद्याचे, कापडदुकानदाराचे थोरले चिरंजीव. बीडला शिकले, मग दूर गेले. एकटा अणू प्रकाशाच्या झोतात एका जागी धरून ठेवण्याचं काम त्यांनी आपल्याकडे सगळ्यांच्या आधी केलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान त्यांचे एक धाकटे भाऊ चालवतात.

मला फिजिक्समध्येच एम.एस्सी. करायची होती. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं पोलीस भरतीचं होतं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी शास्त्रज्ञांना आठ प्रश्न लिहिले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि नववा घालायला लावला.

"परमनंट हायत का, इचार."

"अण्णा, लई मोठे शास्त्रज्ञ हायत ते."

"म्हणून तर इचार. अणू धरला, नोकरी धरली का?"

प्रश्न दुकानातल्या भावांच्या मोबाइलवरून गेले. ते अण्णांना म्हणाले, "कावून काळजी करता? दादा पहिल्या वर्षापासून परमनंट. आमच्या वडलांनी, अप्पांनी, सगळ्या बाजारात पेढे वाटलते."

उत्तराला तीन आठवडे लागले. भावांनी आम्हाला गादीवर बसवलं, चहा सांगितला, चष्मा लावला आणि गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असं वाचलं. माझ्या आठ प्रश्नांना उत्तर नव्हतं. नवव्याला होतं.

"परमनंट मी एक्केचाळिसाव्या वर्षी झालो. तोवर दर वर्षी नवी ऑर्डर निघायची. अप्पांना मात्र पहिल्याच वर्षी झालो म्हणून कळवलं होतं. ते गेले तेव्हाही मी टेंपररीच होतो. आता पेन्शन आहे."

भावांनी चष्मा काढला. एका बाईंनी साडीचा रंग जातो का, असं विचारलं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "थोडा जातो."

परतीच्या एसटीत अण्णांनी दोघांची तिकिटं काढली. आमच्याकडे वडील शिक्षणाचा निर्णय मुलाला तोंडावर सांगत नाहीत, आईकडून कळवतात. मी बीडला खोलीवर आलो. चार दिवसांनी आईचा फोन आला.

"एमेस्सीचा फॉर्म भर म्हणत्यात. अन् टेंपररी असलास तर टेंपररीच सांगायचं, आसंबी म्हणत्यात."