झिजलेली तबकडी

चंदनबाई माझी शेजारीण. दोंडाईच्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं कापडवाल्या मारवाड्यांचं घर. नवरा हस्तीमल हौशी माणूस. त्यानं मुंबईहून ग्रामोफोन आणला, आणि तापाच्या साथीत आठ दिवसांत गेला. चंदनबाई तेव्हा बावीस वर्षांची. रिवाजाप्रमाणे ती वर्षभर कोपऱ्यात बसली. वर्ष संपलं, पण कोपरा काही सुटला नाही.

दुपारी दीर मोतीलाल दुकानात गेला, की ती मागच्या खोलीत ग्रामोफोनवर गोधडी टाकून एकच तबकडी लावायची, भडगावच्या झुंबरबाईची. बहीण गिरणेकाठी बसलीय, भाऊ न्यायला यायचाय. पूर ओसरतो, भाऊ येत नाही. एवढंच गाणं. पण तिसऱ्या ओळीआधी झुंबरबाई असा श्वास घ्यायची, की शेजारी बसलेली मी हातातलं निवडणं थांबवायचे. शेवटी ती आपलं नाव आणि गाव सांगायची, तेव्हाच्या तबकड्यांवर तसं सांगत.

"पुष्पाबाई, ती श्वास घेते ना, तिथं मला रडायला जागा मिळते," चंदनबाई म्हणायची. रडायची मात्र आवाज न करता.

दर वेळी नवी सुई लावायची असते, हे हस्तीमलनं तिला सांगितलं होतं. पण विधवेनं दिराकडे गाण्याच्या सुया कोणत्या तोंडानं मागायच्या? डबी संपली, तशी ती जुन्याच सुया पाट्यावर घासून लावू लागली. माझ्या नवऱ्याकडून मी आणवल्या असत्या. सुचलं नाही! मला काय, गाणं फुकट ऐकायला मिळत होतं. अठरा वर्षं त्या बोथट सुया तबकडीवर फिरल्या. शेवटी शेवटी मला नुसती खरखर ऐकू यायची. तिला मात्र सगळं गाणं ऐकू येत होतं, कारण ते तिच्या डोक्यातच वाजत होतं. मी कशाला बोलू?

सदतीस साली जत्रेत खुद्द झुंबरबाई आली. तमाशाचा खेळ दुपारचा. चंदनबाईला मी आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, कडब्याच्या आडोशाला नेऊन बसवलं. तिथून तंबूतलं सगळं कानावर यायचं. झुंबरबाईनं तेच गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, "म्हातारी, उठ!" म्हणून ओरडले. मेल्यांना लाज नाही. ती उठली.

"तिला घरी बोलवा," चंदनबाई म्हणाली. मी थक्कच झाले. तमाशातली बाई, जैनाच्या घरात! पण दुसऱ्या दिवशी मोतीलाल दुकानात गेल्यावर मीच तिला आमच्या परसातून आत नेलं.

झुंबरबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ग्रामोफोनकडे बघत म्हणाली, "तुनापान मनी तबकडी शे म्हणे. माले मना जुना आवाज एकदाव आयकाना शे. मी कधी आयकाच नही." कंपनीनं गाऊन घेतलं होतं मुंबईला, पण तबकडी तिच्या हातात कोणी दिली नव्हती.

चंदनबाईनं गोधडी काढली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. चावी दिली, सुई टेकवली. खरखर, खरखर. झुंबरबाई कान पुढे करून बसली होती. तबकडी संपली. नावसुद्धा आलं नाही.

चंदनबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं आता कुठं ती तबकडी खरी ऐकली होती. "बाई, तुमचा आवाज मी संपवला," ती म्हणाली. "मीच. घासलेल्या सुयांनी."

झुंबरबाईनं झिजलेल्या तबकडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुले येस ना? म्हन."

माझ्यादेखत चंदनबाईनं कधी ओठ उघडून गायलं नव्हतं. तिनं गायलं. सूर जेमतेम, पण ओळ न् ओळ जागच्या जागी. तिसऱ्या ओळीआधी तोच श्वास. आणि शेवटी, मान खाली घालून, "झुंबरबाई, भडगाव."

झुंबरबाई पदरानं तोंड पुसत उठली. दारात थांबली.

"माले इतलं दुख नव्हतं, माय," ती म्हणाली. "हाई दुख तुनं शे."

ती गेली. आणि नवरा गेल्यावरही जिचा हुंदका भिंतीपलीकडे कुणी ऐकला नव्हता, ती चंदनबाई भरदुपारी मोठ्यानं रडू लागली.