रोटातली एक मूठ जास्त

माझं मत पहिल्यापासून पक्कं. ज्याने जीव घेतला त्याला फाशी. मारुतीच्या ओट्यावर हे मी इतक्या वेळा बोललो आहे की ओट्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यालाही पाठ असेल. समोर बसायचे ते आमचे निवृत्त गुरुजी. त्यांचं मत माफीचं.

"आबा, फाशी दिली आणि मागून कळलं की चूक झाली, तर? दोरीवरून उतरवून जिवंत करता येतो का माणूस?"

"त्याने मारलेला तरी कुठे जिवंत करता येतो?"

"म्हणून अजून एक मारायचा?"

"हो. जोडीला."

गुरुजी कपाळाला हात लावायचे, मी तंबाखू मळायचो, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू.

आमचा हा वाद नुसता वाद नव्हता. माझा सख्खा पुतण्याच खुनाच्या गुन्ह्यात जेलात आहे. सामाईक विहीर, पाण्याची पाळी, मोटर कोणी बंद केली यावरून शब्दाला शब्द, आणि याच्या हातात फावडं. समोरचा माणूस तिथेच गेला. तो माणूस माझा दोस्त. ओट्यावर पत्त्यांच्या मेंढीकोटात पंधरा वर्षं माझा जोडीदार होता. मी कोणतं पान टाकणार हे माझ्या तोंडाकडे न बघता ओळखायचा. त्याच्यामागे त्याची बायको-पोरं सुरतेला निघून गेली. कोर्टाने पुतण्याला जन्मठेप दिली.

गुरुजी म्हणाले, "फाशीला गुन्हा दुर्मिळातला दुर्मिळ असावा लागतो."

मी म्हटलं, "माझा जोडीदार दुर्मिळच होता. आणा तसा दुसरा."

तेवढा एक डाव माझा.

पुढे पुतण्या जेलात शिकायला लागला. बी.ए. झाला. गुरुजींनी ओट्यावर पेढे वाटले. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "आम्ही कोणाला मारलं नाही म्हणून अडाणी राहिलो." पेढा खाल्ला मात्र.

बायको या वादात कधी पडली नाही. मी घरी येऊन फाशी फाशी करायला लागलो की ती म्हणायची, "पाय धुवा आधी." तिचा मुद्दा तेवढाच.

दीड वर्षापूर्वी ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी घर रिकामं. मुलगी मला जळगावला मेहरूणमध्ये तिच्याकडे घेऊन गेली. तिथे सकाळी तलावाकडे फिरणारे पेन्शनर. पांढरे बूट घालून तेही फाशीवरच बोलत होते. मी माझं मत सांगितलं तर सगळे माझ्याच बाजूने. एकही माणूस उलटा बोलेना. चार महिन्यांत कंटाळलो आणि दोंडाईचाजवळच्या आमच्या खेड्यात परत आलो. गुरुजींशी भांडल्याशिवाय मला भूक लागत नाही.

यंदाच्या आषाढात हवालदार घरी आला. बसला, पाणी प्याला, कागद काढला.

"आबा, तुमच्या पुतण्याला संचित रजा मिळतेय. थोडे दिवस घरी, मग परत जेल. बाकी सगळे कागद झाले. आईबाप नाहीत, लग्न नाही. जवळचे तुम्हीच. तुम्ही ठेवून घेणार का, जामीन राहणार का, एवढंच बाकी."

"नाही."

"कारण काय लिहू?"

"लिहा, फाशी पाहिजे होती."

"फाशीचा रकाना नाही याच्यात." त्याने बोट फिरवत वाचलं. "तो आल्याने शांतता भंग होईल का?"

"माझी होईल."

"तुमची नाही हो आबा, सार्वजनिक."

"सार्वजनिक मी कुठून आणू? मी एकटाच राहतो."

हवालदाराने कागदाची घडी केली. म्हणाला, कानबाईच्या सणानंतर परत येतो, तोवर विचार करा. तुम्ही नाही म्हणाल तर रजा गेली, मग पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, विचार झालेला आहे. तो म्हणाला, मग चहा तरी करा.

चहा मी केला. साखर कुठल्या डब्यात असते ते अजून लक्षात राहत नाही. मीठ पडलं. बिचारा गुपचूप प्याला.

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. थोरलं घर माझं, म्हणून देवी माझ्याकडे. मागच्या वर्षी मयत होती म्हणून बसली नाही, यंदा बसवायचीच. आता कानबाईच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, असं असतं की भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचा. पाळण्यातलं पोरगंही धरायचं. तो गहू दळून पुरणपोळ्या करायच्या, आपल्याच घराण्याने खायच्या, आणि पीठ पुनवेच्या आत संपवायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही.

मुठी टाकायचं काम थोरल्या घरच्या बाईचं. बाई नाही, म्हणून मी बसलो. समोर माझी चुलत वहिनी, जिला सगळं गाव अक्का म्हणतं. दर मुठीला ती एक चिंचोका बाजूला ठेवत होती. भिंतीला टेकून घराण्यातल्या चार बायका.

पुतण्याला सोडून आमच्यात अठरा पुरुष. नाव घेत घेत अठरा मुठी टाकल्या. आणि हात परत गव्हात गेला.

मी घातला नाही, गेला. मनात आलं, बायकोने इतकी वर्षं सगळ्यांच्या नावाने मुठी टाकल्या, तिच्या नावाने कोणी टाकली? बाईची मूठ नसतेच. रीत आहे. ती जिवंत होती तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. तोवर सव्वा मूठ सुपात पडली होती.

अक्काने चिंचोके मोजले. परत मोजले.

"भाऊ, एक मूठ जास्त शे. हाई कोननी?"

पाच बायका माझ्याकडे बघतात. बायकोची म्हणून सांगितलं तर रीत मोडली म्हणून बोंब होईल, त्याचं मला काही नाही. पण सांगताना मी रडलो असतो. सत्तरी ओलांडलेला माणूस सुपापुढे बसून बायकांसमोर रडतोय, हे मला परवडणारं नव्हतं. तोंडातून निघून गेलं,

"त्याची. जेलातल्याची."

अक्का म्हणाली, "माले वाटनं, तू त्याले फाशी देवाले बसेल शे."

"ते वेगळं. मूठ वेगळी."

"ती बी दरसाल त्यानी मूठ टाके. गुपचूप."

"कोण?"

"कोन म्हंजे? तुनी बायको."

मी सूप खाली ठेवलं. "मग त्याच्या वाटचं खायचं कोण?"

"तूच खाये. बठ्ठास्ले ठाऊक शे."

सगळ्यांना ठाऊक, मला सोडून. मागे एक जणी पदर तोंडात घालून हसायला लागली. म्हणजे मी ओट्यावर ज्याला फासावर चढवून घरी यायचो, त्याच्याच वाटची पोळी तूप लावून खायचो. अकरा वर्षं. आणि हिने एका शब्दाने सांगितलं नाही. पाय धुवा आधी म्हणाली.

मी म्हटलं, "मग यंदाही मी खातो, झालं."

"ती मनमां नाव ले. तू तोंडघाई लिधं, पाच जनीस्ना समोर. आते त्यालेच खावू घालनं पडी."

तोंडाने नाव घेतलं, म्हणजे त्यालाच खाऊ घालायचं. यावर अपील नव्हतं. कोर्ट परवडलं.

कानबाई बसली, सोमवारी विसर्जन झालं. सगळे रोट खाऊन गेले. सव्वा मुठीचं पीठ मात्र अक्काने वेगळं बांधून माझ्या फडताळात ठेवलं. हवालदार आला तेव्हा मीच विचारलं, "पुनवेच्या आत येईल का तो?"

त्याने माझ्याकडे, मग चहाच्या कपाकडे बघितलं. "आबा, विचार बदलला?"

"विचार तोच आहे. पीठ उरलंय."

त्याने रकान्यात काय लिहिलं देव जाणे. मी सही केली. साखर बरोबर पडली होती.

पुनवेला दोन दिवस राहिले तेव्हा पुतण्या आला. कानाजवळचे केस पांढरे. दारातच उभा राहिला, आत ये म्हटल्याशिवाय आला नाही. काकूच्या फोटोपुढे बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "काका, पीठ द्या, मी मळतो. जेलात स्वयंपाकघरातच असतो." अक्काने त्याला मळू दिलं, पण पोळी भाजायच्या खापराला हात लावू दिला नाही. म्हणाली, तिथे शेकड्याने लाटत असशील, इथे एक नीट होऊ दे. तो पोळी खात होता आणि मी बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर बायकोची मूठ संपत होती. त्याने शेवटची पोळी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. मी नको म्हटलं नाही. सवय होती.

दुसऱ्या दिवशी तो पोलिसांकडे हजेरी लावून ओट्यावर आला. गुरुजींनी सरकून जागा केली. ती जागा माझ्या जोडीदाराची. मी म्हटलं, "तिथे नाही."

"नाही बसत काका."

आम्ही पत्ते खेळलो तेवढा वेळ तो खांबाला धरून उभा होता. नंतरही रोज आला, रोज उभा राहिला. गुरुजी मला म्हणाले, "आबा, माणूस बदलतो, बघा." मी म्हटलं, "बदलू दे. जागा बदलत नाही." पुतण्याने मान हलवली, माझ्याच बाजूने.

रजा संपायच्या आदल्या दिवशी मी त्याला दोंडाईचा स्टेशनवर सोडायला गेलो. जामीन होतो ना, गाडीत बसलेला डोळ्याने बघायचा होता. गाडीला उशीर. बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, "काका, तुम्ही सही कशी केली?"

खोटं एकदाच बोललो होतो, ते संपवून टाकावं म्हटलं.

"मूठ तुझी नव्हतीच. तुझ्या काकूची होती. बायकांसमोर लाज वाटली म्हणून तुझं नाव घेतलं."

त्याचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी काकूच्या वाटचं खाल्लं?"

"मी अकरा वर्षं तुझ्या वाटचं खाल्लं. घरात असंच चालतं."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने रुमाल काढला. मी गाडी कुठून येते ते बघत बसलो. गाडी आली, तो चढला, खिडकीतून हात केला. मी नाही केला. माझ्या हातात त्याच्या काकूची जुनी पिशवी होती, त्याचा डबा देऊन रिकामी झालेली.

माझं मत तेच आहे. गुरुजींना विचारा, कालच दोन तास भांडलो. फक्त पुढच्या श्रावणात अठरा झाल्यावर दोन मुठी टाकणार आहे, दोन्ही तोंडाने नाव घेऊन. अक्काने चिंचोके कितीदाही मोजावेत.