सखुबाईचा अंगठा

चारकोपच्या मासळी बाजारात सखुबाई बसायची ना, तिच्या अंगठ्याला सगळा बाजार मानायचा. पापलेटच्या पोटावर अंगठा टेकवला की सांगायची, हे आजचं, हे कालचं, हे बर्फाने गोरं केलेलं. तोंड गिऱ्हाइकाशी बोलायचं नि अंगठा माशाशी. चाळीस वर्षं हेच. मधे नवरा गेला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाई परत पाटीवर.

मग खांदा धरला. कळ निघायची ती थेट बोटांपर्यंत. पाटी उचलवेना, डोक्याला तेल लावायला हात वर जाईना. सून कल्पिता गुणाची, पण तोंडाची फटकळ. म्हणाली, "आये, पुरे आता. घरी बसा."

"घरी बसून काय भिंतीला मासळी विकू?"

शेवटी कल्पितानेच तिला सुयांच्या दवाखान्यात नेलं. ॲक्युपंक्चर म्हणतात त्याला. डॉक्टरीण क्षमा म्हणजे नातीच्या वयाची पोर. सुया बघून सखुबाई म्हणाली, "बाय, मला बोंबलासारखी वाळत घालतेस का काय?" ती पोर अशी हसली, की सखुबाईचा जीवच जडला तिच्यावर.

आणि खोटं कशाला बोला, गुण आला. महिन्याभरात खांद्याची कळ गेली. झोप लागू लागली, दोन घास जास्त जाऊ लागले. पण कळ गेली तेव्हा कुठे बाईला उमगलं, अंगठा नि बाजूची दोन बोटं मेल्यासारखी झालीत. इतके दिवस दुखण्याच्या गडबडीत तिकडे लक्षच नव्हतं.

क्षमा अंगठ्याला सुई लावून विचारायची, "आजी, इथे लागतं?"

काही म्हणजे काही लागत नसे. सखुबाई म्हणायची, "लागतं गो बाय, लागतं."

का? तर एवढ्या मायेने करते, तिचं मन मोडायचं कसं. नि दुसरं म्हणजे कल्पिता तिथेच स्टुलावर बसलेली. नाही लागत म्हटलं की उद्यापासून घर. असं तीन महिने चाललं.

बाजारात विद्याधर काका यायचे, पेन्शनवाले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मासा कधी हातात घेऊन बघितला नाही. "सखुबाई, तू देशील ते," एवढंच. त्या दिवशी तिने सवयीने अंगठा टेकवला, सवयीने मान हलवली नि तीन पापलेट दिले.

दुसऱ्या दिवशी काका आले. ओरडले नाहीत, काही नाही. हळूच म्हणाले, "कालचे जरा उतरलेले होते गं. टाकावे लागले. असू दे, होतं कधीतरी." आणि मग खाली वाकले, एक पापलेट उचलला नि आत लाल आहे का ते कल्ला उघडून बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

सखुबाईने मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर तिनेही चार दिल्या असत्या. पण काकांनी कल्ला उघडला होता.

त्याच दुपारी ती एकटीच क्षमाकडे गेली. "बाय, मी खोटं बोलत होते. मला पहिल्यापासून काय पण लागत नाय."

क्षमाने हातातली सुई खाली ठेवली. "आजी, पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं हो. तेव्हाच तुम्हाला नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं." मग तिनेच चिठ्ठी लिहून दिली. मोठ्या डॉक्टरने फोटो काढले, मानेतली नस दबली होती. म्हणाला, आता उशीर झाला, ऑपरेशन केलं तर आणखी बिघडायचं थांबेल, पण गेलेलं परत येईल असं नाही.

घरी येऊन तिने कल्पिताला सगळं सांगितलं. फटकळ सून नुसता सासूचा हात धरून बसली, नि तेही सखुबाईला अंगठ्यापाशी कळत नव्हतं.

आता बाजारात पुढे कल्पिता बसते, मागे सखुबाई. पहिल्या दिवशी कल्पिताने पापलेटवर अंगठा ठेवला नि मागे वळली. "आये, कसं कळतं गो?"

"दाब. ताजं असलं की उलटं वर येतं."

"किती वर? एवढं?"

सखुबाईने आपला अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी ठेवला, दाबला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग उचलून पदराला पुसला.

"मला काय ठाव? तूच सांग."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. कल्पिताने पुन्हा पापलेटवर अंगठा दाबला.