तिच्या वाटणीची रेती

मी सातवी नापास माणूस, लिहायची सवय नाही. पण मे महिन्यात जे पाहून आलो ते सांगायला बसलो की अर्ध्यातच आवाज बसतो. म्हणून लिहितो.

बायको माघात गेली. आमच्यात रीत अशी, की बाई गेली तर तिच्या माहेरच्यानं यावं, नवऱ्याला दुपट्टा द्यावा अन् आपल्या हातानं गोड घास भरवावा. तेव्हा दुखवटा सुटतो. तोवर घरात गोड शिजत नाही. तिच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं, धाकटी बहीण, माझी साळी. तिचा नवरा आधी दिग्रसला जिनिंगमध्ये फिटर होता. मग पवनचक्क्यांच्या कामावर जैसलमेरच्या पुढं गेला अन् तिकडचाच झाला. साळीचा पाय मोडला होता, म्हणून तिला येता आलं नाही. मी म्हटलं, मीच जातो.

लेक म्हणाला, "बाबा, दुखवटा सोडवाले कोणी आपण होऊन जाते काय? लोकं हसतीन."

"हसू दे. तू गाडी काढ."

खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. साळी वीस वर्षं बायकोला बोलावत होती. बायको दरवेळी फोनवर म्हणायची, माझे गुडघे दुखतात. गुडघे तिचे चांगले धड होते. मीच नेत नव्हतो. पेरणी आहे, निंदण आहे, कापूस वेचायचा आहे. उन्हाळ्यात काहीच नसलं तर म्हणायचो, "तिथं पाहाले काय हाय? रेतीच तं हाय." माझ्यापायी ती सख्ख्या बहिणीशी खोटं बोलली. ते खोटं मला फेडायचं होतं.

तीन दिवस गाडी चालली. उदयपूरपर्यंत मी बडबडत होतो, कोणाचं शेत कसं, कोणाच्या विहिरीला पाणी किती. जोधपूर सुटलं अन् माझं तोंड बंद झालं. आधी झाडं विरळ झाली, मग झुडपं, मग नुसती पिवळी जमीन, अन् तिला अंतच नाही. आमच्याकडं कुठंही उभं राहा, नजर कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर अडते. इथं नजर जातच राहते. एका जागी गाडी थांबवून मी खाली उतरलो. वारा थांबला तर माझ्याच छातीतली धडधड मला ऐकू आली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. दूर एक उंट एकटाच चालला होता. कुठून निघाला, कुठं पोचणार, काही कळेना.

"बाबा, ऊन लागन, बसा आत," लेक म्हणाला.

साळीच्या घरी पोचलो. ती लंगडत दारात आली, गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला पाटावर बसवलं, खांद्यावर दुपट्टा टाकला. शिऱ्याची ताटली आणली, घास उचलला. तेव्हा मी तिचा हात धरला.

"आधी ऐक बाई. तिचे गुडघे चांगले होते. मीच तिले येऊ देलं नाही. एकदाही."

तिनं घास परत ताटलीत ठेवला.

"वीस वर्सं?"

"वीस वर्सं."

"मी तिच्यासाठी मालिशचं तेल धाडत होती, भाऊजी. दर दिवाळीले."

"ते मी लावत होतो," मी म्हटलं. खरं तेच होतं.

ती हसली नाही. ताटली उचलून आत गेली. साडू खाली पाहत बसला. मला वाटलं, संपलं. आता हा दुखवटा माझ्यासंगच जळन.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. हातात डबा होता. "चला."

"कुठी?"

"तिले दाखवाची होती ते जागा पाहा. तिच्या वाटणीचं तुम्हीच पाहा आता."

लेकानं गाडीनं रेतीच्या डोंगरापाशी सोडलं. ती लंगडत पुढं, मी मागं. कापसाच्या गंजीवर चढताना पाय धसतो, तसा पाय धसत होता. माथ्यावर पोचलो अन् मी खालीच बसलो. डोंगरामागं डोंगर, सगळे रेतीचे, अंगावर वाऱ्यानं ओढलेल्या बारीक रेघा, बाईनं अंगण सारवून बोटं फिरवावी तशा. शेंड्यावरून रेती धुरासारखी उडत होती. म्हणजे हे डोंगर चालतात. काल इथं होता तो उद्या इथं नसणार. सूर्य लाल झाला तर सगळी जमीन लाल झाली, आम्ही दोघंही लाल झालो. मी याला 'रेतीच तं हाय' म्हटलं होतं.

"पाह्यलं?" साळीनं विचारलं.

"लय मोठी चूक झाली माह्या हातून."

"झालीच. ते माफ नाही होत." तिनं डबा उघडला. "पण ते माही बहीण होती. तिचा दुखवटा मी अडवून नाही ठेवू शकत. आ करा."

वाऱ्यानं शिऱ्यात रेती आलेली. दाताखाली कचकच वाजली.

"थुकाचं नाही," ती म्हणाली.

मी थुंकणार नव्हतोच.