सरावाची आजी

शहापूर-मुरबाड पट्ट्यात मी बरीच वर्षं डोळे तपासणारी माणसं घडवली. घडवली हा शब्द माझा नाही, प्रशिक्षणाच्या समारोपाला येणाऱ्या पाहुण्यांचा. त्यांचं भाषण ठरलेलं असे: अंधत्व हटवू, गावोगाव उजेड नेऊ. टाळ्या पडत आणि पाहुणे चहा न घेता गाडीत बसत. आणि समोरची माझी तुकडी? अर्ध्यांचं लक्ष प्रमाणपत्राकडे, उरलेल्यांचं बटाटेवड्यांकडे. पाच दिवसांत एखाद्याला बुबुळ आणि बाहुली यांतला फरक कळला, तरी मला गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटे.

अशा ठोंब्यांना शिकवायचं तर घोकंपट्टीला पर्याय नव्हता. मी सगळं ठरावीक क्रमाने करून घेई. टॉर्च आधी वरून, मग खालून, मग उजवीकडून, शेवटी डावीकडून. मोतीबिंदू पूर्ण पिकला की माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही, पण उजेड कुठून येतो ते कळतं. ते कळत असेल तर आतला पडदा शाबूत आहे, ऑपरेशनने नजर येईल. कळेनासं झालं की खेळ खलास.

सरावासाठी माझी हक्काची एक आजी होती, शेणवे गावाच्या अलीकडच्या पाड्यावरची. उजवा डोळा लहानपणीच भाताचं पातं लागून गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, शिजल्या भातासारखा पांढरा. दर तुकडीला मी जीप पाठवून तिला आणवत असे. धुतलेलं लुगडं नेसून ती येई, स्टुलावर ताठ बसे, हनुवटी आपणहून वर करी. एखादी बिचकली तर म्हणे, "घाबरू नको गो. आधी वरून मार."

ऑपरेशनच्या यादीत तिचं नाव घालायचं मी दर वेळी ठरवी. तेवढ्यात नवी तुकडी जाहीर होई आणि मला वाटे, एवढी होऊन जाऊ दे. दिसू लागलेल्या आजीचा मला काय उपयोग होता?

गेल्या पावसाळ्यानंतरच्या तुकडीत उंबरमाळीकडची, गावात आरोग्याचं काम करणारी एक आशाताई होती. चाळिशीची, पाचही दिवस वहीत डोकं खुपसून बसलेली. काही विचारलं की गप्प. पहिल्याच दिवशी मी तिला मठ्ठांत जमा केलं होतं.

तिची पाळी आली. तिने टॉर्च आजीच्या डोळ्यावर धरला.

"वरून," आजी म्हणाली. "खालून. उजवीकडून. डावीकडून."

मी शाब्बास म्हणालो, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाईने टॉर्चचं बटणच दाबलेलं नाही. तुकडी खो खो हसली. "ताई, दुसऱ्याचे डोळे तपासण्याआधी स्वतःचे तपासून घ्या," मी म्हणालो. पुन्हा हशा झाला. मी स्वतःवर खूश होतो.

आशाताई तेवढी हसली नाही.

"सर," ती म्हणाली, "टॉर्च तर बंद होता. मग आजीला वरचा उजेड कसा दिसला?"

हसणं थांबलं. मी टॉर्च तिच्याकडून घेतला, पेटवला आणि आधी खालून मारला.

"वरून," आजी म्हणाली.

डावीकडून मारला.

"खालून."

"आजी, खरंच उजेड दिसतो का?"

"आता नाय दिसत," आजी म्हणाली. "तुमी कायम तसंच मारता, माझं पाठ झालंय. पावसात डोळा लय ठणकला. म्हटलं, जीप आली की सांगू. मग ठणका आपोआप थांबला आन समदा काळोख झाला. मला वाटलं, अवशद लागू पडलं."

"कसलं औषध?"

"हेच की. तुमच्या बॅटरीचं."

पिकलेला मोतीबिंदू फार दिवस तसाच ठेवला तर आतल्या आत पाझरतो, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि कायमचा जातो. हे मी दर तुकडीला तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून देत असे. खाली दोन रेघा मारून. आशाताईच्या वहीतही त्या दोन रेघा होत्या.

त्या खोलीत खरा ठोंब्या एकच होता आणि सगळे त्याला सर म्हणत होते. माझी मला किळस आली. माझ्या हातातला टॉर्च तसाच पेटलेला होता. आजीने हनुवटी पुन्हा वर केली.

"अजून किती येळा यायला लागंल, सायेब?" तिने विचारलं. "कधी दिसंल मला?"