युरियाची गोणी आणि चौक्याचा घाट

माझ्या थोरल्या भावाने सातवीत शाळा सोडली, म्हणून मी पदवीधर झालो. त्याने घेऊन दिलेल्या सायकलवर मी फुलंब्रीहून औरंगाबादच्या कॉलेजात रोज जाऊन येत असे. पुढे शहरात मास्तरकी मिळाली, स्कूटर आली आणि पस्तिशीत माझं वजन अठ्ठ्याण्णव किलोवर गेलं.

आमचे वडील असेच सुटले होते आणि छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मला धाप लागली. दादाने सगळ्यांसमोर कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं.

"बापावाणी मरायचंय का? आता सायकलवर येशील तवाच घरात पाय ठेव."

शहरात आमच्या गल्लीत तालीम होती. तिथल्या वस्तादांनी मला हाताखाली घेतलं. बैठका मारताना थांबलो की पोटरीवर वेताची छडी बसे.

"मास्तर, पोरांना हाणताना हात थकतो का तुमचा? मंग पाय कसे काय थकू लागले?"

पहिलवान हसत. पोटऱ्यांवर निळे वळ घेऊन मी वर्गात उभा राही. पाच महिन्यांत चौदा किलो उतरले. सायकलवर हर्सूल, सावंगी जमू लागलं. पण फुलंब्रीच्या वाटेवरचा चौक्याचा घाट अर्ध्यातच मला खाली उतरवी.

वस्ताद म्हणाले, "अजून दोन महिने."

मला तेवढा धीर नव्हता. कुस्तीआधी वजन उतरवायला पहिलवान अंगाला प्लास्टिक गुंडाळतात, हे मी पाहिलं होतं. एप्रिलच्या उन्हात मी युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक पोटापाठीभोवती सुतळीने आवळलं, वर स्वेटर चढवला आणि सायकलवर फुलंब्रीला निघालो. ते आधी धुवावं, एवढंही शेतकऱ्याच्या लेकाला सुचलं नाही.

प्लास्टिकला चिकटलेला युरिया घामात विरघळला. कातडी चरचरली, मग सुतळीखाली सोलली. रक्त मांडीवर ओघळलं. तरी पायडल मारत राहिलो आणि आमच्या बांधाशी येऊन कोसळलो.

दादाने विळ्याने सुतळी कापली आणि प्लास्टिक ओढलं, तशी कातडीही निघाली. मी किंचाळलो. त्याने मुस्काटात दिली.

"पिकाला टाकायचं अंगाला बांधलं? ह्याच्यासाठी शिकवला तुला?"

त्याने पुन्हा हात उगारला आणि मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो मातीत बसला. ओठ फुटला होता. मला वाटलं, आता विळा उचलतो.

त्याने रक्त थुंकलं. "घाटात उतरला होता?"

"नाय. एकदाबी नाय."

 त्याने मला खांद्याला धरून घरी नेलं, न्हाणीत बसवलं आणि सोललेल्या पाठीवर तांब्या-तांब्याने पाणी ओतलं.  मी माफी मागायला तोंड उघडलं.

"गप बस," तो म्हणाला. "लई झोंबतंय का?"