कोबेत ऐकलेला नॉर्वेचा ट्रॉम्बोन

बाबांना मी खोटं सांगितलं नाही, पण सगळं खरंही सांगितलं नाही. "कोबेला जाऊ, बंदर बघू, एक रात्र राहू," एवढंच म्हटलं. तिथल्या एका छोट्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी नॉर्वेचे एक वयस्कर जॅझवादक ट्रॉम्बोन वाजवणार आहेत आणि त्याची दोन तिकिटं माझ्या फोनमध्ये आहेत, हे गाळलं.

कारण असं होतं. बाबांनी साताऱ्याला पोलीस बॅण्डमध्ये एकतीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला. निवृत्तीच्या वर्षी हिरड्यांच्या आजारामुळे वरचे दात काढावे लागले. कवळी बसवून ते शेवटच्या परेडला उभे राहिले आणि सलामीच्या धूनमध्ये त्यांचा सूर फाटला. वाद्य सरकारी होतं, ते जमा केलं. त्याला नऊ वर्षं झाली. लग्नाच्या वरातीत बॅण्ड सुरू झाला की बाबा आत जाऊन बसतात. यंदा ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जपानला, टोकियोशेजारच्या उरायासुला आले होते, आणि मला वाटलं, हीच वेळ.

तुम्हीही आमच्या बाजूने निघणार असाल तर एक सांगते. टोकियो स्टेशनात उरायासुहून येणाऱ्या केइयो लाइनचा फलाट शिंकान्सेनपासून, म्हणजे बुलेट ट्रेनपासून, फार लांब आहे. म्हाताऱ्या माणसाबरोबर वीस मिनिटं तरी हाताशी ठेवा. कोबेच्या शिन-कोबे स्टेशनपर्यंत पावणेतीन तास, एका बाजूचे माणशी साधारण पंधरा हजार येन. फुजी दिसायला उजवीकडची खिडकी घ्या. आम्हाला ढगच दिसले. बाबांनी कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेली ओनिगिरी, भाताचा त्रिकोणी गोळा, उलगडत विचारलं, "भाताला कागद कशाला गुंडाळतात?" तो कागद नाही, समुद्री शेवाळ आहे, हे कळल्यावर त्यांनी ती निमूट खाल्ली.

शिन-कोबेला सामान लॉकरमध्ये टाकून आम्ही कितानोच्या चढावर गेलो. जुनी परदेशी व्यापाऱ्यांची घरं, उतारावरून दिसणारं बंदर, आणि एका गल्लीत चक्क फोडणीचा वास. बाबा खुशीत होते. दुपारी दोनला मी त्यांना हॉलमध्ये नेलं. साठेक खुर्च्या. मंचावर गावातलेच हौशी वादक बसलेले, कुणी दंतवैद्य, कुणी शिक्षिका. मधल्या खुर्चीपाशी स्टॅण्डवर ट्रॉम्बोन.

बाबांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू ठरवून आणलंस?"

"हो."

ते उठले आणि मागच्या दाराकडे गेले. मी मागे जाणार तेवढ्यात संयोजक मोरिता-सान बोलायला लागल्या, आणि मी अर्धवट उठलेली तशीच थांबले.

त्यांनी त्या पाहुण्यांची, आर्नेंची, गोष्ट सांगितली. मासेमाऱ्याचा मुलगा. शाळेच्या बॅण्डमध्ये हात लांब म्हणून सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन मिळाला. एकोणिसाव्या वर्षी प्रवासी जहाजावरच्या नाचाच्या बॅण्डमध्ये, मग रेडिओच्या वाद्यवृंदात, मग युरोपभर दौरे. बेचाळिसाव्या वर्षी भर कार्यक्रमात वरच्या ओठाचा स्नायू निकामी झाला. पुढची अकरा वर्षं त्यांनी वाद्याला हात लावला नाही. दोन वर्षं शाळेची बस चालवली. मग इतरांसाठी धून बांधून द्यायला लागले, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिहून. त्यातलीच एक या कोबेच्या मंडळींनी पत्र लिहून मागवली. ती पोचवायला ते स्वतः आले आणि तेव्हापासून दर वसंतात येतात. आता कार्यक्रमात एकच धून स्वतः वाजवतात.

ती एक धून सुरू झाली तेव्हा बाबा दारातच उभे होते, पाठ आमच्याकडे. संथ, खालच्या पट्टीतली. मध्यावर आर्नेंचा सूर फाटला. मी डोळे मिटले. धून मात्र थांबली नाही. त्यांनी श्वास घेतला आणि पुढच्या वळणावर पुन्हा आले. मी डोळे उघडले तेव्हा बाबा वळून मंचाकडे बघत होते.

कार्यक्रमानंतर चहा होता. बाबा सरळ आर्नेंपुढे जाऊन उभे राहिले. "त्यांना सांग," मला म्हणाले, "सूर तुटला तेव्हा खाली सॅक्सोफोन तोच सूर धरून होता. आधीपासून. ते मुद्दाम लिहिलंय ना?"

मी इंग्रजीत सांगितलं. आर्नेंनी कप खाली ठेवला. "मुद्दाम. माझा ओठ कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून खाली माणूस ठेवलाय. पण हे आजवर कुणी पकडलं नव्हतं. हे काय वाजवतात?"

"वाजवत होतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "विचार त्यांना, अजून लाज वाटते का?"

"वाटते," आर्ने म्हणाले. "दर वेळी. घरी गेल्यावर जास्त."

बाबा हसले. त्या विषयावर ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग दोघं तासभर बोटांनी टेबलावर ठेका धरून बसले होते. माझी गरज फारशी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बंदर पाहिलं, पण बाबांचं लक्ष नव्हतं. परतीच्या गाडीत मला नोटेशन लिहायची पाच रेघांची वही कुठे मिळेल ते विचारलं. उरायासुच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळाली. महिनाभर ते जेवणाच्या टेबलावर लिहीत बसायचे. बॅण्डमधल्या चार निवृत्त मित्रांसाठी, जुन्या धुना, नव्याने बांधून. क्लॅरिनेटवाल्या शिंदेकाकांना फोन लावून विचारलं, "तुझे दात आहेत ना रे अजून? मग वरचा भाग तुला लिहितो."

आता बाबा साताऱ्याला परत गेलेत. परवा व्हिडिओ आला. कुणाच्या तरी गच्चीवर चार म्हातारे, समोर बाबा हाताने ताल देत. तिसऱ्या आवर्तनाला सगळे भरकटले. बाबांनी थांबवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून."

ही सहल सुचवावी का, असं कुणी विचारलं तर कोबेची जरूर सुचवीन. आईवडिलांना न सांगता असं कुठे न्यावं का, याबद्दल मात्र खात्री नाही. दारात उभी असलेली त्यांची पाठ अजून आठवते. शेवटी मी फोनवर विचारलंच, "बाबा, आधी विचारायला हवं होतं का मी?"

"विचारलं असतंस तर आलो नसतो," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी विचार."